येणाऱ्यासाठी सरपण

मित्रांनो, सेनगावहून साखऱ्याकडे जाताना लिंबाच्या सावलीत काळ्या दगडांची ठेंगणी इमारत दिसते. ती मी, एक जुनी सराई. निजामाच्या अमलात वाटसरूंच्या मुक्कामासाठी मला बांधले. माझ्या अंगणात धान्याच्या गोण्या वाहणारे लमाणांचे बैल रवंथ करीत बसत, आणि ओवरीत अनोळखी माणसे एकाच चुलीवर भाकरी भाजत. रीत एवढीच होती, की सकाळी निघणाऱ्याने येणाऱ्यासाठी चुलीजवळ सरपण ठेवून जायचे.

पुढे एसटी आली, जीपगाड्या आल्या. मुक्काम सरले, माझी दारे कुणीतरी काढून नेली. लहानपणी आईबापांबरोबर माझ्याकडे उतरलेली तांड्यावरची पारुबाई मात्र अजूनही तुराट्यांची मोळी ठेवून जाई. लोक विचारत, "म्हातारे, तुझे पाहुणे कोणत्या गाडीनं येऊन राहिले?" ती नुसती हसे.

यंदा सरपंच उकंडरावांनी मला पाडून दुकानांचे गाळे काढायचे ठरवले. कुरुंद्याकडच्या तांड्यावरून मुकादम वसराम गडी घेऊन पाडायच्या आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला आला. पावसाने सारे भिजले होते. त्यांनी पारुबाईच्या तुराट्या पेटवून भाकरी केल्या. सकाळी वसरामने रानातून काटक्या आणून चुलीजवळ रचल्या, कुदळ उचलली आणि तशीच खाली ठेवली.

उकंडराव आले. गड्यांना चहा ठेवायला सांगून त्यांनी विचारले, "काहून रे वसराम, हात काहून थांबला?"

"मालक, इथलं सरपण जाळलं म्हून आमी परत ठेवलं. आता ज्याच्यासाठी ठेवलं, त्याचंच छप्पर कसं पाडू?"

दुसरे गडी मिळतील, असे उकंडराव म्हणाले.

"मिळतील की. फक्त त्यायला इथं मुक्कामी ठेवू नका."

तोवर चहा झाला. उकंडरावांनी तो सावकाश पिऊन कप खाली ठेवला. मोळी घेऊन आलेली पारुबाई दारातच उभी होती.

"सरपंच, चहाला जळालं तेवढं ठेवून जा, बाबा."

कुणी हसले नाही. उकंडराव उठले. मग धोतराचा सोगा सावरून बांधाकडे गेले आणि बाभळीच्या काटक्या घेऊन परतले. वसरामच्या ढिगावर त्या ठेवताना त्यांनी माझ्या छपराकडे एकदा वर पाहिले. गडी त्याच दिवशी कुरुंद्याला परतले.

गाळ्यांचे अजून काही ठरलेले नाही. मित्रांनो, मला रंगरंगोटी नको, नावाची पाटीही नको. पण कधी माझ्या सावलीला टेकलात, तर उठताना चुलीकडे एकदा पाहा. ती रिकामी असेल, तर दोन काटक्या ठेवून जा.