दुसरा घाणा

पद्माबाईंची सून पार्वती, म्हणजे मी. माझी सून निर्मला. निर्मलेची सून मंजुषा. कुरुंद्यातल्या आमच्या घरी हळदीचे काम असे सासूकडून सुनेकडे येत गेले आणि त्यात पुरुषांनी बोलायचे नाही, हा शिरस्ता मी कसोशीने पाळून घेतला आहे. तरीही त्या सकाळी मंजुषाची हळद दळायची चक्की उचलून नेण्यासाठी पुसेगावकडचा बाबूसिंग टेम्पो घेऊन अंगणात उभा होता आणि त्याला बोलावणारा माझा मुलगा सोमेश्वर माझी नजर चुकवून दोर उलगडत होता.

"कुणाला इचारून?" मी विचारले.

"माय, चार दिस झाले मोबाईलवर जाहिरात लावून. सहाशे माणसानं दाबली अन् ऑर्डर एक न्हाई. पैसा जाऊन राहिला नुसता. अजून काय पाहायचं?"

मंजुषा चक्कीच्या तोंडावर हात ठेवून उभी होती. हळद व्यापाऱ्याच्या काट्यावर न घालता घरीच दळायची आणि पिशव्या भरून परगावी विकायची, असा तिचा बेत होता. त्यासाठी तिने दोन जाहिराती एकाच वेळी लावल्या होत्या. एकीत नऊवारी नेसलेली मी. दुसरीत नुसता एक तळवा आणि त्यावर मोडलेले हळकुंड. जी गिऱ्हाईक आणील ती ठेवायची, दुसरी काढायची. कोणती जिंकणार, याविषयी मला अर्थातच शंका नव्हती.

"सहाशेत माजी किती?"

"साडेपाचशे, आजी."

"मंग? जिंकले की मी."

बाबूसिंग हसला. "मी बी तुमालाच दाबलं, आजी. माज्या बायकोनं बी. तुमचा निरोप आला व्हता ना तांड्यावर."

मंजुषाने हळूच मान वळवली. "कोणता निरोप?"

लपवण्यासारखे त्यात काही नव्हते. आमच्या घरच्या लग्नाचे आवतण ज्या वाटांनी जाते, त्याच वाटांनी मी निरोप धाडला होता: वसमत, हिंगोली, सिद्धेश्वर, पुसेगाव. घराघराने माझा फोटो उघडावा. माझा शब्द मोडण्याची कुणाची छाती नव्हती. काहींनी तर रोज उघडला.

"अवो आजी!" मंजुषा मटकन जोत्यावर बसली. "ही सगळी आपलीच माणसं. ह्यांच्या घरात पोत्यानं हळद. ती काहून घेतील? अन् जे दाबतात त्यांच्यासारख्यांनाच मोबाईल जाहिरात पुन्हा दाखवतो. चार दिस आमी हळदवाल्यांनाच हळद दाखवून राहिलो. परक्या माणसानं ती पाहिलीच न्हाई. मंग चांगली का वाईट, कसं कळावं?"

"कारणं हायेत ही," सोमेश्वर म्हणाला.

हा शब्द मी पूर्वी ऐकला होता. माझ्या पहिल्या हंगामात, काहिलीत शिजायला घातलेला हळकुंडांचा माझा पहिला घाणा कच्चा निघाला. सासरे संतराम म्हणाले, हिचा हात हळदीचा नाही, काहील धाकट्या सुनेकडे द्या. लाकडे ओली होती. मी आजही सांगते, लाकडे ओली होती. सासऱ्यांनी त्याला कारणे म्हटले. तेव्हा पद्माबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणत असे, चुलाणापाशी आल्या, सरपण हाताने चाचपले आणि नवऱ्यादेखत म्हणाल्या, "ह्यो घाणा लाकडानं बिघडवला. दुसरा पोरगी घालंल, मंग बोला."

आत्याबाईंनी दिलेला तो दुसरा घाणा मला पुढे कुणाला देता आला नव्हता. निर्मलेला त्याची गरजच पडली नाही. तिचा पहिलाच उत्तम उतरला.

"बाबूसिंग, दोर गुंडाळ," मी म्हणाले. "सोमेश्वरा, ह्यो घाणा लाकडानं बिघडवला. अन् लाकडं मी आणली व्हती. दुसरा पोरगी घालंल."

"अन् किती दिस वाट पाहायची, माय?"

मी मंजुषाकडे पाहिले. "तू सांग. हळद तुजी हाय."

ती उठून उभी राहिली. "दिस न्हाई मोजायचे, मामंजी. दोनी जाहिराती हजार-हजार परक्या माणसानं उघडाव्या. तवर कुणी बंद करायची न्हाई अन् कुणी कौतुकानं दाबायची बी न्हाई. तेवढ्यानं बी कुणी घेतली न्हाई, तर चक्की मीच टेम्पोत चढवीन."

"झेपंल?"

"व्हय, आजी."

बाबूसिंग चहा पिऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला. मंजुषाने या वेळी आपला मुलूखच जाहिरातीतून वगळला आणि मी त्याच वाटांनी उलटा निरोप धाडला: कुणीही हात लावायचा नाही. सिद्धेश्वरहून भाचीचा फोन आला.

"मावशी, नुसतं पाहिलं तर चालंल का?"

"डोळे मिट," मी सांगितले.

सोमेश्वर रोज जेवताना विचारी, "झाले का हजार?" मंजुषा ताटात पाहूनच नाही म्हणून मान हलवी, आणि मी त्याला वाढणे थांबवी.

मग एका दुपारी ती माझ्या खाटेपाशी येऊन बसली. मोबाईल मांडीवर पालथा.

"झाले हजार, आजी."

"मंग?"

ती मोबाईलच्या कडेवरून बोट फिरवू लागली.

"बोल की. मी काय मेणाची न्हाई."

"हाताच्या जाहिरातीवर एकेचाळीस ऑर्डरी."

"अन् माज्या?"

"तीन." मग घाईघाईने, "पण तुमच्या फोटोखाली लई जणांनी नमस्कार लिवलाय, आजी!"

"नमस्कार दळून विकता येतो व्हय? काढ माजा फोटो."

तिने मोबाईल उलटा केला. तो तळवा मी तेव्हा प्रथम नीट पाहिला. तो तिचाच होता. मोडलेले हळकुंड आतून केशरी होते आणि तळव्याच्या रेषारेषांत पिवळेपणा मुरला होता. तो धुतल्याने जात नाही. माझ्या तळव्यातून गेलेला नाही; पद्माबाईंच्या तळव्यातून चितेपर्यंत गेला नव्हता.

संध्याकाळी चक्की सुरू झाली. कुणी न सांगता सोमेश्वर तिच्याजवळ पोते घेऊन उभा होता. मी काठी टेकत गोठ्यामागे गेले. जुनी काहील तिथे पालथी पडलेली असते. तिच्या काजळलेल्या बुडावर मी हात ठेवला.

"आत्याबाई," मी म्हणाले, "तुमचा घाणा दिला बगा. पुरा."