न निघालेला रंग

क्षणभर असं समज, की तुझं वय अगदी कमी आहे. दाराची कडी बघायलाही तुला मान वर करावी लागते. तू पाळणाघरात चटईवर बसला आहेस किंवा बसली आहेस. पुढ्यात ताटलीत रंग आहेत आणि ब्रश म्हणून तुझीच बोटं. आता शेजारच्या मुलीकडे बघ. तिचे दोन्ही गाल लालभडक झालेत. तुला काय वाटेल? हिनं कागद सोडून गालच रंगवले, असंच ना?

तिथल्या ताईलाही तसंच वाटलं.

तिनं ओला रुमाल घेतला, मुलीची हनुवटी धरली आणि गाल पुसायला लागली. रंग जाईना. रुमालाचं दुसरं टोक भिजवलं, पुन्हा पुसला. तरी जाईना.

“अगं, पोरीचा गाल आहे तो, करपलेलं पातेलं नव्हे!” स्वयंपाकघराच्या दारातून मावशी ओरडल्या. मुलांचं दूध गरम करणं, भांडी घासणं आणि सगळ्यांच्या कामात नाक खुपसणं, ही तिन्ही कामं मावशींकडे होती.

“मावशी, हा लाल रंग कुठून आणलात? जाता जात नाही मेला.”

“लाल मी दिलाच नाही आज. डबा कधीच संपलाय. निळा, पिवळा नि हिरवा, तेवढेच तर आहेत.”

ताईचा हात जागच्या जागी थांबला. ती मुलगी मात्र मुळीच गडबडली नव्हती. ती म्हणाली, “ताई, तो रंग नाहीये. तो मी आहे.”

या मुलीला सगळे डिंकी म्हणत. एकदा कुणाला चिकटली की सुटत नसे, म्हणून मावशींनी हे नाव ठेवलं होतं. आणि चिकटायची ती ताईलाच. तिथली रीतच तशी होती. एखाद्या मुलाचं अंग जरा कोमट लागलं, नाक गळायला लागलं, की त्याचे आईबाप येईपर्यंत ते मूल ताईच्या कडेवर जायचं. बाकीच्या बायका म्हणायच्या, ताईची कड म्हणजे आरामखुर्ची आहे. ताई एका हातानं मूल सांभाळायची आणि दुसऱ्या हातानं खेळणी आवरायची, नाकं पुसायची, बुटांचे बंद बांधायची. गेला सबंध आठवडा डिंकी अशीच शिंकत, कुरकुरत तिच्या कडेवर होती. दुपारी तिच्या खांद्यावरच झोपायची आणि ताईच्या मानेला नाक पुसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंकीची आई एकटीच आली. डिंकी घरी होती.

“साधा ताप आहे म्हणाले डॉक्टर,” ती फाटकातूनच सांगू लागली. “गाल असे लाल होतात म्हणे, कुणी थोबाडल्यासारखे. आपोआप जातो. पोरांना काही होत नाही. एवढंच म्हणाले, आसपास कुणी पोटुशी बाई असेल तर तिच्या कानावर घाला, तिनं डॉक्टरांना दाखवलेलं बरं. आपल्याकडे कुणी नाही ना तसं?”

“मला दिवस गेले तर पेपरात फोटो येईल माझा!” मावशी मागून म्हणाल्या आणि स्वतःच खो खो हसल्या. हसता हसता त्यांची नजर ताईकडे गेली, आणि हसू अर्ध्यावर गिळून त्या दुधाकडे बघायला आत पळाल्या. दूध तेव्हा गॅसवर नव्हतंच.

“नाही,” ताई म्हणाली. “तसं कुणी नाही.”

आता तुला एक गोष्ट सांगायला हवी. ती तिथं कुणालाच माहीत नव्हती. ताईला दिवस गेले होते. म्हणजे तिच्या पोटात बाळ होतं, पण अजून इतकं लहान, की बघून कुणाला कळू नये.

मग ती खोटं का बोलली?

मागच्या वर्षीही तिच्या पोटात बाळ होतं. तेव्हा तिनं कळल्या दिवशीच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. मावशींनी तिच्यासाठी जास्तीचं दूध काढून ठेवायला सुरुवात केली. पाळणाघर चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी तिला जड कामातून मोकळं केलं. जहाजावर मेकॅनिक असलेल्या तिच्या नवऱ्यानं इंजिनखोलीतल्या सगळ्यांना केक खाऊ घातला. आणि मग ते बाळ राहिलं नाही. कुणाची चूक नव्हती. कधी कधी असं होतं, आणि का झालं ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण बघ, बातमी देताना ती सगळ्यांना एकदम देता येते. परत घेताना मात्र एकेकाच्या दारात जावं लागतं. ताई गेली. पुढं कितीतरी दिवस कोपऱ्यावरचा फळवाला, शिंपीणबाई, कुणी ना कुणी विचारायचंच, “काय मग, कुठवर आलं?” आणि ताईला भर रस्त्यात उभं राहून सांगावं लागायचं. सांगून झालं की समोरच्याचंच तोंड इतकं पडायचं, की त्याची समजूतही तिलाच काढावी लागायची.

म्हणून या वेळी तिनं ठरवलं होतं, बाळ नीट मूळ धरेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. नवऱ्यालाही नाही. तो समुद्रावर, चारी बाजूंनी लोखंड, तिथं तो काळजी करून काय करणार?

संध्याकाळी ती एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेली.

“पुष्कळ जणांना हा ताप लहानपणीच होऊन गेलेला असतो,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही. तुला झाला होता का, ते रक्तावरून कळेल.”

“आणि झाला नसेल तर?”

“तर लक्ष ठेवायचं. लागण झाली म्हणजे बाळाला त्रास होतोच असं नाही. बहुतेकदा नाहीच होत.”

“बहुतेकदा,” ताई म्हणाली. “मी तिचे गाल पुसत बसले होते हो. किती वेळ.”

“गालांचं सोड. गाल लाल होतात तोवर लागण व्हायचे दिवस बहुधा सरलेले असतात. जे व्हायचं ते आधी होतं, पोर नुसतं शिंकत असतं तेव्हा.”

ताईचा हात आपोआप मानेकडे गेला. म्हणजे रुमालाचा दोष नव्हता. दोष असलाच तर तिच्या कडेचा होता.

“घरी कोण असतं तुझ्याजवळ?”

“मी असते की.”

“अगं, कुणाला तरी सांगून ठेव.”

“तुम्हाला सांगितलं ना,” ताई म्हणाली आणि बाही वर करून हात पुढं केला.

रक्ताचा निकाल यायला वेळ होता. घरी येऊन तिनं मोठ्या बहिणीला फोन लावला. आई नव्हती, तेव्हा लहानपणाचं विचारायचं तर अक्कालाच.

“अक्का, मला लहानपणी कधी गाल लाल होऊन ताप आला होता का गं?”

“तुझे गाल लालच असायचे. माझ्या चापट्यांनी!” अक्का हसली. “माझ्या वेण्यांना गाठी मारायचीस, विसरलीस?”

“खरं सांग ना. आठव जरा.”

“कांजिण्या आल्या होत्या. गालफुगी झाली होती. लाल गाल… नाही बाई आठवत. का गं?” अक्काचा आवाज एकदम हळू झाला. “काही आहे का?”

ताईच्या अगदी ओठावर आलं होतं. पण मागच्या वेळी अक्का फोनवर इतकी रडली होती, की शेवटी ताईनंच तिला म्हटलं होतं, पाणी पी अक्का, उगी.

“छे गं. मुलांमध्ये साथ आहे, म्हणून विचारलं.”

“बरं,” अक्का म्हणाली. मग अक्कानं गादीला ऊन दाखवल्याचं सांगितलं, ताईनं नळाच्या गळतीचं सांगितलं, आणि फोन संपला.

ताईनं मोठ्या बाईंना सांगितलं, कंबर धरली आहे, काही दिवस मुलं उचलता येणार नाहीत. बाईंनी तिला खिडकीपाशी टेबल दिलं. खेळणी साबणाच्या पाण्यात धुवायची आणि पुसून ठेवायची, एवढंच काम. ती लाकडी ठोकळे धूत बसे. सवयीनं एखादं मूल येई, दोन्ही हात वर करून उभं राही. ताई म्हणे, “आज नाही रे राजा.” मूल हात तसेच वर धरून थोडं थांबे. मग हात खाली घेऊन दुसरीकडे जाई.

“काय ताई, कडेला कुलूप लावलंत वाटतं?” मावशी म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. ताईनं हसून ठोकळ्यावरचा फेस निपटला.

मुलं फार पटकन शिकतात, हे तुला माझ्याइतकंच माहीत आहे. थोड्याच दिवसांत ती टेबलाकडे यायची थांबली. रडणारं मूल आता दुसऱ्या बाईकडे जाऊ लागलं. खोलीत तोच गलका होता, तीच भांडणं, तीच गाणी. फक्त ताईच्या टेबलाभोवती रिकामी जागा तयार झाली होती. ताईला हेच हवं होतं. तरी ती जागा बघवेना, म्हणून ती खिडकीकडे तोंड करून बसू लागली.

मग निकालाचा दिवस आला.

“जुनी खूण नाही सापडली,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “म्हणजे तुला तो कधी झालेला नाही. नव्या लागणीची खूणही नाही. पण ती दिसायला वेळ लागू शकतो. काही आठवड्यांनी परत रक्त बघावं लागेल.”

“म्हणजे आज काहीच कळलं नाही.”

“असं कसं? पड बघू इथे.” त्यांनी सोनोग्राफीचा पडदा तिच्याकडे वळवला. करड्या धुक्यात एक ठिपका लुकलुकत होता, भराभरा, जणू कुठं तरी पोचायची घाई असल्यासारखा. “हा ठोका. चांगला आहे. आज सगळं ठीक आहे.”

“आज,” ताई म्हणाली. मागच्या वेळीही तिनं असा ठिपका बघितला होता. तेव्हा ती आनंदानं मोठ्यांदा हसली होती. या वेळी तिनं फक्त डोळे न मिटता बघून घेतलं.

पुढची तपासणी, पुढची वाट, ते सगळं अजून व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई टेबलापाशी बसली होती, आणि दारातून चूं चूं असा आवाज आला. डिंकी बरी होऊन परतली होती. पायात नवे सँडल. पाऊल टाकलं की वाजणारे. चालताना ती मुद्दाम पाय आपटत होती, सगळ्यांनी बघावं म्हणून. गाल आता नेहमीसारखे दिसत होते.

बाकीच्यांनी शिकलेला धडा डिंकी शिकलेलीच नव्हती. ती चूं चूं करत सरळ रिकाम्या जागेतून टेबलापाशी आली आणि हात वर करून उभी राहिली.

“नाही गं डिंके. आता नाही घेता येणार.”

“का?”

“कंबर दुखते.”

डिंकीनं तिच्या कमरेकडे बघितलं. मग चेहऱ्याकडे. “खोटं,” ती म्हणाली. रागानं नाही, ठोकळा चौकोनी आहे म्हणावं, तसं.

ताईनं मागं वळून बघितलं. मावशी आत होत्या. ती गुडघ्यांवर बसली, डिंकीच्या उंचीची झाली आणि जे नवऱ्याला सांगितलं नव्हतं, अक्काला सांगितलं नव्हतं, ते तिच्या कानात बोलली.

“माझ्या पोटात बाळ आहे. अगदी छोटं. राहील की नाही, माहीत नाही मला. म्हणून उचलत नाही.”

डिंकी विचारात पडली. तिनं अभिनंदन केलं नाही, कारण ते काय असतं हे तिला ठाऊक नव्हतं. ती घाबरलीही नाही. तिनं ताईच्या पोटाकडे वाकून बघितलं आणि कुजबुजत विचारलं, “झोपलंय?”

ताईनंही खाली बघितलं.

“हो,” ती म्हणाली. “बहुतेक झोपलंय.”

डिंकी फरशीवर बसली. तिनं आधी एका सँडलचा पट्टा सोडवला, मग दुसऱ्याचा. दोन्ही सँडल छातीशी घट्ट धरले, आणि अनवाणी, चवड्यांवर, जराही आवाज न करता ती आपल्या चटईकडे चालत गेली.