मी बाबांच्या डोक्यावर पडलो नाही

मित्रांनो, मी बाबांच्या डोक्यावर पडलो. त्यांना टेंगूळ आलं, मला पोचा. पण असं काही घडलंच नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. तेव्हा तुम्हीही हे वाचलं नाही असं समजा. मी सुरुवात करतो.

मी एक जुना, छताला लागून बसणारा दिवा आहे. दिसायला पालथ्या थाळीसारखा. कारखान्यात वाटायचं, आपण नाट्यगृहात लागू. लागलो बैठकीच्या खोलीत.

माझ्याआधी तिथे साखळीला लोंबणारा दिवा होता. बाबा ताडमाड, छत बुटकं, रोजचा कपाळमोक्ष. शेवटी आई म्हणाली, "एकतर तो दिवा बदला, नाहीतर उंची."

दुकानदार म्हणाला, "साहेब, हा छताला अगदी चिकटून बसतो."

बाबांनी ते शब्दशः घेतलं. "चिकटवायला वायरमन कशाला?" म्हणत त्यांनी मेन स्विच बंद केला आणि वायरी जोडल्या. त्या नीट जोडल्या, हे मान्य. पण माझी पट्टी आणि स्क्रू मात्र "हे दुसऱ्या कुणाचं चुकून आलंय" म्हणून बाजूला ठेवले आणि मला चपला चिकटवायच्या गोंदाने चिकटवलं. मग "बघ, कसा बसलाय!" म्हणत बरोबर माझ्याखाली उभे राहिले. पुढचं तुम्ही वाचलेलं नाही.

"आधीचा निदान जागेवर राहून लागायचा," आई म्हणाली. "हा चक्क भेटायला आला! उद्या दुकानात परत."

मित्रांनो, छताला लागायच्या आधीच माझा जीव टांगणीला लागला.

बाबांनी आधी टेंगूळ चोळलं, मग माझा पोचा. "पडला कुठे? मीच उतरवला. जागा तपासायला."

"डोक्यावर?"

"हात रिकामे नव्हते."

आई इतकी हसली की मला परत करायचं राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी वायरमनने पट्टी छताला स्क्रूने आवळून मला तिच्यावर बसवलं.  काम करताना त्याने बाबांच्या कपाळाकडे दोनदा बघितलं.

पुढे कित्येक वर्षं बाबा सवयीने माझ्याखालून वाकून जात. मी ती मानवंदना समजायचो. आई माझ्या उजेडात सुई ओवायची आणि म्हणायची, "उजेड छान आहे, फक्त पाय घसरतो." सुट्टीच्या दिवशी बाबा मला बंद करून, नुसत्या टाचा उंचावून पुसायचे. पोच्यावर त्यांचा अंगठा जरा रेंगाळायचा.

आता त्यांना पोक आलंय. हात पोचत नाही. स्टुलावर पाय ठेवला की आई ओरडते, "उतरा! पुन्हा जागा तपासायची आहे का?" माझ्या पोटात किडे साचलेत, उजेड पिवळा पडलाय. बाबा खालूनच बघतात आणि फडकं घडी करून ठेवतात.

मित्रांनो, आपापल्या घरच्या दिव्यांना पुसत जा. माझं म्हणाल, तर मला फडकं कुणाचंही चालेल, अंगठा मात्र बाबांचाच हवा.

सबब, संबंधितांस नम्र विनंती की, बाबांची उंची घटेल त्या प्रमाणात सदर छत दरवर्षी खाली आणण्यात यावे. त्यातून कोणास टेंगूळ आल्यास, ते आलेच नाही असे समजण्यात यावे.