गेलेल्या डिस्कची हजेरी

जावईबापूंनी सासूबाईंच्या कॉम्प्युटरमधली जुनी हार्ड डिस्क काढली ती प्रेमापोटी. ती किरकिर करत होती. किरकिर करणारी वस्तू घरात ठेवू नये, असं त्यांचं मत होतं. सासऱ्यांनाही ते पटत असे, पण त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

डिस्क रिकामीच होती. तरी त्या दिवसापासून बॅकअप संध्याकाळी सहाला सुरू होई आणि सहा वाजून दोन मिनिटांनी मान टाकी. पडद्यावर ओळ येई: दिलेली जागा सापडत नाही.

सासूबाई शिवणकाम करत. एकोणीस वर्षांत ज्याच्या ज्याच्या अंगाला टेप लावली त्याची मापं त्या कॉम्प्युटरमध्ये होती. कोणाचा डावा खांदा उतरता, कोण पोट आत ओढून माप देतं आणि तिथे किती सैल सोडायचं, सगळं. जावईबापूंनी फोनवर ती ओळ पुरती ऐकूनही न घेता निदान केलं: यंत्र म्हातारं झालंय, रविवारी येऊन सगळं पुसतो आणि नव्याने बसवून देतो. मापांचं काय, असं विचारल्यावर म्हणाले, गिऱ्हाइकं येतीलच, पुन्हा घ्यायची.

ज्याने जन्मभर तयार शर्ट घातले, त्याला काय सांगणार?

शिवण चुकली की सासूबाई आधी उसवून बघत, रडायचं ते नंतर. शनिवारी सकाळी चष्मा लावून त्यांनी बॅकअपच्या सेटिंगचं एकेक पान उसवलं. तिसऱ्या पानावर यादी निघाली, काय काय उतरवून घ्यायचं त्याची. काढून टाकलेली डिस्क तिथे अजून बरोबरची खूण मिरवत बसली होती. यंत्र रोज तिला हाक मारी, ती ओ देत नसे, आणि यंत्र रुसून बाकीच्यांनाही हात लावत नसे. सासूबाईंनी ती खूण काढून टाकली. अकरा मिनिटांत सगळी मापं बॅकअपसाठी बाहेरून जोडलेल्या डिस्कवर पोचली. त्यांनी एक फाइल उघडून बघितली. उतरता खांदा जागेवर होता.

"आता बॅकअप झालाय ना," सासरे कुजबुजले, "मग पुसू दे की त्यांना. जावयाचा मान राहील."

"मान त्यांचा, मापं माझी. ज्याने त्याने आपापलं सांभाळावं."

रविवारी जावईबापू पेन ड्राइव्ह घेऊन हजर झाले. ते आले की सासूबाई खुर्ची सोडत. आज उठल्या नाहीत.

"जावईबापू, यंत्राला काही झालेलं नाही. तुम्ही डिस्क काढलीत, यादीतून तिचं नाव काढायचं राहिलं. हे बघा, काल बॅकअप झाला."

जावईबापूंनी पडद्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"तरी पुसलेलं बरं, आई. वेग वाढेल."

"मला कुठे पळायचंय?"

पेन ड्राइव्ह खिशात गेला. चहा झाल्यावर जावईबापूंनीच विषय काढला. ऑफिसातली दोन यंत्रं महिनाभर अशीच अडून बसली होती म्हणे. ती यादी नेमकी कुठल्या पानावर असते?

"ते स्टूल ओढा," सासूबाई म्हणाल्या, "दाखवते."