तुपाचा तह

रक्तातली चरबी उतरवणारी गोळी माझे सासरे अबू आतेफ नियमाने घेत, आणि ती घेतल्याचे बक्षीस म्हणून भाकरीवर मेंढीचे साजूक तूप ओतून घेत. वसंतात त्यांच्या हृदयाची एक वाहिनी उघडावी लागली होती. दुसरी कधी बुजेल याचा भरवसा डॉक्टर देईनात. माझ्या पत्नीचे, खितामचे, करक शहरात औषधांचे दुकान असल्यामुळे बापलेकींचा हा वाद केवळ घरगुती राहिला नव्हता. तो शास्त्रीय झाला होता, आणि म्हणूनच निष्फळ.

त्या शुक्रवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा खिताम स्वयंपाकघरात शिरलीच नाही. पाहुण्यांच्या दालनात, तिच्या चुलतभावांच्या रांगेत, थेट बापासमोर बसली. सासऱ्यांनी कडू कॉफीचा पेला दिला. तिने तो ओठांना न लावता जमिनीवर ठेवला.

"मागणी एकच, बाबा. तूप सोडा."

आमच्याकडे मुलगी मागायला किंवा खुनाचे वैर मिटवायला आलेले लोक असा पेला ठेवतात. शब्द मिळेपर्यंत पीत नाहीत. आणि पाहुण्याची कॉफी निवू देणाऱ्या यजमानाला पुढे गावात तोंड दाखवता येत नाही.

"बापाच्या घरी तू पाहुणी कधीपासून झालीस गं?"

"तुम्हीच लग्न लावून दिलंत. तेव्हापासून."

"आधी हे सांग. दूध-तूप खाल्लं की गोळी बाद होते का?"

"नाही होत."

"ऐकलंत, जावईबापू?"

"गोळी बिचारी अंगण झाडते, बाबा. मागून मेंढरं तुम्ही सोडता."

चुलतभाऊ दाढीआड हसले. पेल्यावरची वाफ विरत चालली होती.

"बरं, सोडलं तूप. पी आता."

ती प्यायली. सासऱ्यांनी मिशीवरून बोट फिरवले. "तूप म्हणालो हं. सायीचं नाव कुणी काढलं नाही."

पुरे झाले असेल तर रिकामा पेला हलवून परत करायचा, ही रीत. खितामने तो न हलवताच पुढे केला. विजयाच्या भरात सासऱ्यांनी, हाताच्या सवयीने, पुन्हा ओतली. तिने पेला जमिनीवर ठेवला.

सासऱ्यांनी त्याकडे पाहिले. मग आत हाक मारली, "अगं, ही पोर कुणावर गेली?"

"तुमच्यावर," सासूबाई आतून म्हणाल्या. "सायीचं भांडं बांधून दारात ठेवलंय. जाताना नेऊ दे तिला."