रंग मी गिळला, बोल बाबांना लागला

मी एक जुनी व्हिडिओ केबल आहे. काळी, दोन हात लांब, दोन्ही टोकांना बोराएवढी गोल तोंडं. एकेका तोंडात चार बारीक पिना. मित्रांनो, त्या चारांपैकी एक पिन चित्राचा उजेड नेते, दुसरी रंग नेते आणि उरलेल्या दोघी त्यांच्या सोबतिणी. रंगाची पिन निकामी झाली तरी चित्र दिसत राहतं, पण काळं-पांढरं. एवढं ध्यानात ठेवा, कारण माझा सगळा अपराध त्या एका पिनेत आहे.

कारखान्यात एका बाईने भिंगाखाली माझ्या आठही पिना तपासल्या आणि मला कॅमेऱ्याच्या खोक्यात गुंडाळून ठेवलं. तो कॅमेरा एका रंगाऱ्याने घेतला. हा माणूस लोकांची घरं रंगवायचा. खोली रंगवून झाली की ती कॅमेऱ्यात टिपायचा, आणि नवं गिऱ्हाईक आलं की त्याला घरी टीव्हीसमोर बसवायचा. कॅमेरा आणि टीव्ही यांच्यामध्ये मी असायची.

"फोटोत रंग फसवतो," तो म्हणायचा. "इथे बघा. भिंत जशीच्या तशी."

गिऱ्हाईक पुढे सरकून म्हणायचं, "अगदी हाच! आमच्या बैठकीला हाच द्या."

रंगाऱ्याची बायको दारात उभी राहून हसायची. डब्यांतले रंग घोटायचं काम तिचं. कुठल्या खोलीला काय शोभेल हेही तीच ठरवायची. नाव मात्र त्याचं व्हायचं, आणि थोडं माझंही. मी फुशारून गेले होते. खणात माझ्या शेजारी पिवळ्या तोंडाची एक साधी केबल पडलेली असायची, तिच्याशी मी धड बोलतही नसे.

मग रंगाऱ्याची बायको गेली. दोन महिन्यांच्या दुखण्यात गेली. त्यानंतर त्याने कॅमेरा हातात घेतला नाही. सात कॅसेटी एका पिशवीत भरून त्याने त्या पत्र्याखालच्या माळ्यावर टाकल्या. टीव्ही बदलला. नव्या टीव्हीला माझं तोंड बसेल असं भोकच नव्हतं. मी खणात जुन्या किल्ल्या आणि संपलेले सेल यांच्यात पडून राहिले. माझ्या पिनांवर काळपट थर चढला.

बऱ्याच वर्षांनी एका रविवारी दुपारी खण उघडला. रंगाऱ्याच्या मुलीने मला उचललं. ती नकाशे काढायचं काम करायची, संगणकावर तिचा हात बसलेला. बाबा आता थकले होते, ब्रशही धरवत नव्हता. त्यांना मुलीच्या आईला पुन्हा बघायचं होतं. सातांपैकी दोन कॅसेटी आईच्याच होत्या. स्वयंपाकघराची भिंत रंगवताना ती नवऱ्याशी हुज्जत घालते आहे, असं काहीतरी त्यांत होतं.

मुलीने कॅमेरा टेबलावर ठेवला, संगणकाला चित्र आत घेणारी एक छोटी डबी जोडली आणि मला कॅमेऱ्यात खुपसलं. मी तिरकी गेले. तिने जोर केला. आत कट् असा आवाज झाला आणि माझी रंगाची पिन दुमडून आडवी झाली.

चित्र आलं. आई आली. पण राखेच्या रंगाची.

"असं काय गं हे?" बाबा खुर्चीतून पुढे वाकले. "ही भिंत पिवळी होती. मीच लावला होता तो रंग."

मुलीने कॅसेट बदलली. दुसरीही तशीच. सातही थोड्या थोड्या लावून पाहिल्या, सगळ्या तशाच. संगणकातल्या सेटिंग्ज एकेक करून बदलून पाहिल्या. डबी काढून पुन्हा लावली. कॅमेऱ्याच्या मागच्या बघायच्या भोकाला डोळा लावून पाहिलं, तर त्या जुन्या कॅमेऱ्याचं आतलं चित्र मुळातच काळं-पांढरं. त्यावरून काही कळेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं चाललं होतं. एकदा तिने मला उपसून उजेडात धरलंसुद्धा. माझ्या तोंडात तिने पाहिलं. दुमडलेली पिन सावलीत होती. तिला ती दिसली नाही, आणि मित्रांनो, खरं सांगते, माझा जीव भांड्यात पडला. खराब केबल सरळ कचऱ्यात जाते, हे मला ठाऊक होतं.

शेवटी मुलगी वैतागली.

"बाबा, माळ्यावर कशाला ठेवल्या होत्या तुम्ही या? पत्रा तापतो तिथे. उडाले सगळे रंग!"

आयुष्यभर ज्याने छातीवर हात ठेवून सांगितलं की माझा रंग उडत नाही, त्याला त्याच्याच मुलीने हे ऐकवलं. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे पाहिलं.

"चुकलंच माझं," ते म्हणाले.

चुकलं होतं माझं. मी मूग गिळून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी कामाला गेल्यावर बाबा टेबलाशी आले. आईच्या दोन कॅसेटी त्यांनी बाजूला काढल्या. "तुला अशी नाही बघायची मला," असं कॅसेटींनाच म्हणाले. मग खाली जाऊन त्यांनी त्या कचऱ्याच्या पिंपात टाकल्या. अर्ध्या तासाने गाडी आली आणि पिंप रिकामं करून गेली. मी टेबलावरून तो आवाज ऐकला.

संध्याकाळी मुलीला कळलं तेव्हा ती खाली धावली. रिकाम्या पिंपात डोकं घालून तिने पाहिलं. वर आल्यावर ती बाबांवर रागावली नाही. नुसती भिंतीला टेकून बसली.

उरलेल्या पाच कॅसेटी तरी नीट व्हाव्यात म्हणून शनिवारी ती बाबांना घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकान एका बाईंचं होतं. त्यांनी मुलीचं सगळं ऐकून घेतलं, तिने आणलेला कॅमेरा माझ्याच मदतीने पडद्याला जोडला आणि एक कॅसेट लावली.

"सातही कॅसेटींचे रंग गेले? एकसारखे?"

"हो. माळ्यावर तापल्या."

"तापलेल्या कॅसेटीचं चित्र फाटतं, रेघा येतात. हे तर स्वच्छ दिसतंय. आणि सातही कॅसेटींनी काय ठरवून रंग सोडला?" बाईंनी मला उपटून बाजूला ठेवलं आणि खणातून पिवळ्या तोंडाची एक साधी केबल काढून जोडली.

पडद्यावर एक हिरवी भिंत उमटली. ताजी, ओली दिसावी अशी हिरवी.

बाईंनी भिंगाखाली माझं तोंड धरलं. "ही बघा चोर. पिन वाकलीय."

मुलगी हिरव्या भिंतीकडे बघत राहिली. मग ती बाबांच्या स्टुलापाशी खाली बसली. "बाबा, तुमचं काही चुकलं नव्हतं. मीच न बघता बोलले. माझ्यामुळे तुम्ही त्या टाकल्यात."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी तरी कुठे थांबलो एक दिवस?" ते म्हणाले. दोघंही रडत होती. बाईंनी पाठ फिरवून उगाच स्क्रू शोधले.

कॅसेट मात्र चालूच होती. हिरव्या भिंतीवरून चित्र हललं, शिडीच्या पायाशी गेलं. तिथे डोक्याला केशरी रुमाल बांधलेली एक बाई शिडी धरून उभी होती. "अहो, कॅमेरा ठेवा खाली. कडेला राहिलंय बघा तुमचं!" ती म्हणाली आणि चित्र पुन्हा भिंतीवर गेलं. दोन श्वासांइतकाच वेळ.

"मागे घ्या," बाबा म्हणाले. "जरा मागे घ्या ना."

बाईंनी चार वेळा मागे घेतलं.

मला घरी कुणी नेलं नाही. बाईंनी माझ्या गळ्याला लाल चिकटपट्टी लावली, म्हणजे चुकून कुणी जोडू नये. मी त्यांच्या खणात आहे. कुणी गिऱ्हाईक रंग गेल्याची तक्रार घेऊन आलं की बाई मला काढून वाकलेली पिन दाखवतात. एवढंच काम उरलंय माझं.

मित्रांनो, तुमच्या घरात जुन्या कॅसेटी असतील तर त्या थंड जागी ठेवा. केबल जोडताना जोर करू नका. खाच बघा, सरळ धरा, मग हलकेच ढकला. चित्र बिघडलं तर आधी केबल बदलून बघा. तोवर कुणावर खापर फोडू नका, आणि काही फेकूही नका. एवढं करूनही तुमच्या हातून कुणाला उगाच बोल लागला, तर त्या माणसाजवळ जाऊन बसा आणि 'चुकलं माझं' असं तोंडाने सांगा. त्या मुलीला ते जमलं. मला आजवर जमलेलं नाही.