चिंधू तांडेलाच्या जागा

"वायर काढू नको!" विश्राम ओरडला आणि दर्पणचा हात टोपलीवरच थांबला.

टोपली मासळीची होती. तळाला बोटीची बारा व्होल्टची बॅटरी, तिच्यावर टॉवेलात गुंडाळलेलं जुनं जीपीएस, आणि दोन्हींना जोडणाऱ्या दोन वायरी. सातपाटीहून बोईसरपर्यंत ही टोपली दर्पणच्या आईने, नवसीने, रिक्षात मांडीवर धरून आणली होती. बंदरावरच्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं, "याच्या आतला सेल मेलाय. वरचा करंट तुटला की हे सगळं विसरणार." तेव्हापासून माउलीने कुणाला त्या टोपलीजवळ फिरकू दिलं नव्हतं. आणि आता तिचाच मुलगा विश्रामच्या दुरुस्तीच्या गाळ्यात टेबलावर नीट मांडायच्या नादात वायर उपटायला निघाला होता.

"भाऊ, याच्यात माझ्या दादल्याच्या जागा हायत," नवसी म्हणाली. "शाऐंशी. त्यो गेला त्याला आट म्हयने झाले. आता पोरगा बोट काडतो, पन याला समिंदर ठाव नाय."

दर्पणने मान खाली घातली. दहा वर्षं तो इथल्याच एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होता. बाप चिंधू तांडेल वीस वर्षं दर्यावर फिरून मासळीच्या जागा या डबीत साठवत होता, तेव्हा मुलगा रिअॅक्टरचं तापमान लिहीत बसला होता. "नवीन जीपीएस घेतलंय काका," तो म्हणाला. "पण या जागा त्याच्यात घालायच्या तर आधी कॉम्प्युटरवर घ्याव्या लागतात. आणि याला मागे असली जुनी वायर. कुणाच्या लॅपटॉपला ती लागतच नाही."

असली जुनी वायर म्हणजेच विश्रामची भाकरी. आटपाडीकडचा हा माणूस वयाच्या चोविसाव्या वर्षी तारापूरला आला आणि एकतीस वर्षं एकाच कारखान्यात इन्स्ट्रुमेंट फिटर होता. मग कारखान्याने जुनं कंट्रोल पॅनल काढून नवं बसवलं. कुठला व्हॉल्व्ह दमट हवेत अडकतो, कुठला मीटर दोन अंश चढा दाखवतो, हे सगळं विश्रामच्या डोक्यात होतं. नव्या इंजिनिअरांनी पॅनलची पुस्तकं नेली, नकाशे नेले. विश्रामला कुणी काही विचारलं नाही. हार घातला, नारळ दिला आणि घरी पाठवलं. आठवडाभर तो फोन वाजेल म्हणून वाट बघत होता, हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

पुढे त्याने स्टेशनजवळ हा गाळा घेतला. कारखान्यांच्या प्रयोगशाळांत जुनी यंत्रं धडधाकट असतात, कॉम्प्युटर मात्र दर चार वर्षांनी नवा येतो, आणि नव्याला जुन्याचं नऊ खिळ्यांचं सॉकेट नसतं. मधे एक यूएसबीची अॅडॉप्टर केबल घालावी लागते. ऐकायला सोपं, पण पी हळद आणि हो गोरी असं त्यात काही नसतं. दोघांची भाषा जुळवावी लागते, वेग जुळवावा लागतो. बरेचदा विश्राम अर्धा दिवस त्यांची समजूत घालत बसे.

आज मात्र अर्धा दिवस नव्हता. शुक्रवार होता. शुक्रवारी बोईसरला दुरुस्तीसाठी लाईट जाते ती संध्याकाळीच येते, हे नवसीला कुठून माहीत असणार, आणि दर्पण ते विसरला होता! विश्रामने बॅटरीला मीटर लावला. अकरा पॉइंट तीन व्होल्ट.

"चार्ज करून नव्हती आणली?"

दर्पण टॉवेलाची घडी घालू लागला. नवसीने त्याच्याकडे असं पाहिलं की विश्रामनेच नजर वळवली.

"ताई, दहाच्या खाली गेली की पडदा जाणार, आणि जागाही. लॅपटॉप माझा चालेल दोन तास. बघू."

पहिली केबल चकचकीत, निळी, नवीकोरी. कॉम्प्युटरने तिला ओळखच दिली नाही. नावापुढे पिवळी खूण करून मोकळा झाला. आतली चिप डुप्लिकेट. विश्रामने पत्र्याच्या डब्यातून स्वतःची जुनी केबल काढली, तिच्यावर चिकटपट्टीचे चार वळसे होते. तिला कॉम्प्युटरने निमूट घरात घेतलं. दिसण्यावर जाऊ नये, ते केबलींनाही लागू आहे.

जीपीएसच्या वायरीचं टोक मात्र उघडं होतं आणि खाऱ्या हवेने चारही तारांचे रंग उडाले होते. त्यातली एक बोलायची, एक ऐकायची. यंत्राची बोलायची तार कॉम्प्युटरच्या ऐकायच्या खिळ्याला लागली पाहिजे. बोलायची बोलायचीला जोडली तर दोघेही ओरडत राहतात आणि ऐकत कुणी नाही. विश्रामने अंदाजाने जोडून पाहिलं. काही नाही. उलटं केलं. पडद्यावर भराभर अक्षरं उमटली, पण सगळा कचरा: चौकोन, प्रश्नचिन्हं, अर्धवट आकडे.

"गेलं काय?" नवसीने विचारलं. तिचा हात बॅटरीवर होता, आजाऱ्याच्या कपाळावर असावा तसा.

"नाही ताई. बोलतंय. मीच घाईने ऐकतोय." त्याने वेग निम्म्यावर आणला. मीटर दहा पॉइंट चार दाखवत होता आणि जीपीएसचा पडदा मधूनच फिका पडत होता. विश्रामच्या कानामागून घाम उतरला. कारखान्यात कधी कशाची भीती वाटली नव्हती त्याला. तिथे काही बिघडलं तर दुसरं मिळत होतं.

मग एकेक ओळ नीट येऊ लागली. नाव, अक्षांश, रेखांश. दर्पण मोठ्याने मोजू लागला आणि नवसी ओठांतल्या ओठांत. एकाहत्तर. ऐंशी. शहाऐंशी. ओळी थांबल्या. विश्रामने फाईल दोनदा साठवली, पेन ड्राइव्हवर तिसऱ्यांदा घेतली आणि खुर्चीत मागे टेकला. पाच मिनिटांत जीपीएसचा पडदा काळा झाला. पण आता होईना का!

दर्पण खुशीत होता. "चला आई, झालं काम."

विश्राम यादीकडे बघत होता. चिंधू चौथी शिकलेला. मुलाच्या पहिलीच्या पुस्तकातून इंग्रजी अक्षरं शिकून त्याने नावं घातली होती, आणि यंत्राला सहाच्या वर अक्षरं चालत नव्हती. "दर्पण, नुसत्या जागा घेऊन काय करशील? कुठे काय आहे ते कळायला नको? हे बघ, केएडीएके तीन. कडक तीन."

"कडक म्हणजे भारी जागा असेल," दर्पण म्हणाला. "कडक मासा लागत असेल."

"अरे मुडद्या!" नवसी उसळली. "कडक नाय, कडक! दगूड! जालं टाकशील तर चिंद्या गोला करून आनशील. तिसऱ्या कडकावर तुज्या बापाची दोन जाली गेली, मीच शिवली ना!"

खडक. विश्राम आटपाडीचा, त्याला कळायला एक क्षण लागला; दर्पणला जन्म सातपाटीत जाऊन का लागावा, कंपनीतली दहा वर्षं जाणोत. पण विश्राम आता ताठ बसला होता. "ताई, तुम्हाला हे कसं ठाऊक? तुम्ही तर कधी बोटीवर गेला नसाल."

"बाया कुटं जातात बोटीवर? पन मासली इकाया मीच बसते. कंच्या जागंची कोलबी, कंच्या जागंचा पापलेट, गिऱ्हाईक इचारीत नाय, मी इचारायची. जाली शिवायची तवा पन इचारायची, कुटं फाटली. त्यो सांगायचा."

"मग मलाही सांगा," विश्राम म्हणाला. "मी वाचतो. तुम्ही सांगा, मी प्रत्येकापुढे लिहितो."

नवसी स्टुलावर सरसावून बसली. आजवर कुणी तिला समुद्राबद्दल विचारलं नव्हतं, हे तिच्या बसण्यावरूनच कळत होतं. आणि मग ती सांगत गेली. ही दातिवऱ्यासमोरची, इथे थंडीत घोळ मासा मिळतो. ही बुडालेल्या पडावाची, लांबून जायचं. इथे पाणी ओढतं, अमावास्येला जायचं नाही. दर्पणने फोन खिशात टाकला होता. मधेच तो म्हणाला, "आई, मला कधी सांगितलं नाहीस." ती म्हणाली, "तू कवा इचारलंस?"

चौसष्टाव्या नावापाशी विश्राम अडला. पुन्हा वाचून पाहिलं. "ताई, इथे तुमचं नाव आहे. नवसी."

"माजं?" तिने पदर सावरला. "दुसरं कायतरी आसंल."

"एन, ए, व्ही, एस, आय. नवसीच." त्याने नकाशावर ती जागा काढली. किनाऱ्यापासून सरळ बाहेर, दहा सागरी मैलांवर. "इथे काय मिळतं?"

"तिते कसली मासली! ती सगल्या बोटींची वाट." तिने लॅपटॉपवरच्या त्या लाल ठिपक्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. दर्पणला हसू येत होतं, बापाचं गुपित सापडल्यासारखं. ती हसत नव्हती. "भाऊ, तितून बंदरात याया किती येल लागतो?"

विश्रामने हिशेब केला. "भरलेली बोट... दीड तास."

नवसीने त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "दीडच. त्याचा फोन आला की मी टोपल्या काडायची, बरफ सांगायची, बंदरावर पोचायची, आनि फोनपासून बरुबर दीड तासानं बोट लागायची. कंदी चुकला नाय." ती थांबली. "मी भांडायची त्याच्याशी. म्हनायची, तुला माजी आटवन येत नाय, नुसती रेंज येते. त्यो हसायचा. म्हनायचा, व्हय गो, रेंज आली म्हनून केला."

परतीच्या वाटेवर फोन लावायची नेमकी ती जागा चुकू नये म्हणून त्या माणसाने तिच्यावर बायकोचं नाव लिहून ठेवलं होतं, आणि हे तिला कधी सांगितलं नव्हतं. विश्रामने उगाच चष्मा पुसला. दर्पण दारात जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

तरी काम अर्धवट सोडायची विश्रामला सवय नव्हती. त्याने बोटं कीबोर्डवर ठेवली. "ताई, इथे काय लिहू?"

नवसीने डोळे पुसले नाहीत, कारण ते भरलेत हे तिच्या लक्षातच नव्हतं. ती सरळ बसली आणि आधीच्या त्रेसष्ट जागांबद्दल सांगितलं त्याच आवाजात म्हणाली,

"लिव. इते रेंज मिलते."

विश्रामने ते एकेक अक्षर शोधून लिहिलं.

"लिवलंस? वाच आता. पुडला कंचा?"